उपाशी माणसाचा जाब

२०१४च्या जूनमध्ये विषुववृत्तीय गिनीतल्या मालाबो शहरात आफ्रिकी संघाचे राष्ट्रप्रमुख जमले होते. २०२५ उजाडेपर्यंत खंडातली भूक संपवू, असा शब्द त्यांनी तिथे दिला. त्याआधी २००३मध्ये मापुतोत त्यांनी आणखी एक ठराव केला होता. सरकारी खर्चाचा किमान दहावा हिस्सा शेतीवर घालायचा, असं त्यात ठरलं होतं. तो ठराव दरवर्षी पाळणारे देश हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच निघाले. २०२४ची संयुक्त राष्ट्रांची मोजणी सांगते की आफ्रिकेत ३० कोटी ७० लाख माणसांना पुरेसं अन्न मिळत नाही, म्हणजे पाचांत एकाहून थोडे अधिकच. २०२५च्या जानेवारीत कंपालाला नवा जाहीरनामा झाला, नवी मुदत पडली. जुन्या शब्दाचं काय झालं, याची जबाबदारी मात्र कुणाच्याही नावावर पडली नाही.

आफ्रिकेतल्या भुकेचा विषय निघाला की ठरलेली उत्तरं पुढे येतात. पाऊस नाही, लोकसंख्या फार, राज्यकर्ते भ्रष्ट, गोऱ्यांनी लुटलं. यातलं एकही पूर्ण खोटं नाही. पण त्यातल्या एकानेही एक गोष्ट उलगडत नाही. पाऊस तोच, दारिद्र्य तेच, तरी एका वर्षी माणसं तगतात आणि दुसऱ्या वर्षी मरतात. एका देशात तगतात आणि शेजारच्या देशात मरतात. माझं म्हणणं असं आहे की भूक तिथे मुक्काम करते, जिथे उपाशी माणूस राज्यकर्त्याला जाब विचारू शकत नाही, आणि विचारला तरी त्याची खुर्ची हलत नाही. जमीन आणि मदत या दोन्ही गोष्टी त्यानंतर येतात.

आधी जमिनीचं पाहू. ‘एवढी सुपीक जमीन असून’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. खंडाचा बराच भाग फार जुन्या, लाखो वर्षांच्या पावसाने निचरून गेलेल्या मातीचा आहे. इथिओपियाचं पठार, खचदरीभोवतीची ज्वालामुखीची माती, नाईलकाठ हे भाग श्रीमंत आहेत. बाकी ठिकाणी खत, शेणखत, पाणी दिल्याशिवाय जमीन बोलत नाही. आणि पाणी फारसं दिलेलंच नाही. सहाराच्या दक्षिणेकडे लागवडीखालच्या जमिनीपैकी जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास ओलिताखाली आहे. आशियात ते प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त आहे. नद्या कमी आहेत म्हणून असं झालेलं नाही. नद्या अडवून कुणाच्या शेतात पाणी न्यायचं, हे ठरवणारे वेगळे होते.

सुदानची गेझिरा योजना पाहा. निळ्या आणि पांढऱ्या नाईलच्या दुआबात काळ्या, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या जमिनीचं सपाट मैदान आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ती माती हातात घेताच ओळखू येईल. १९२५मध्ये इंग्रजांनी सेन्नारचं धरण बांधून तिथे पाटाचं पाणी नेलं. पुढे योजना वीस लाख एकरांवर गेली. जगातल्या सर्वांत मोठ्या सिंचन योजनांत तिची गणना होते. पण ती उभी राहिली लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता म्हणून. शेतकरी कूळ म्हणून ठेवला गेला. कधी पेरायचं, काय पेरायचं, कुणाला घालायचं, हे सगळं योजनेचं मंडळ ठरवणार. रेल्वे गेली ती बंदराकडे. १९५६मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हा मंडळावरची माणसं बदलली, मंडळ राहिलं. आफ्रिकेतल्या नव्या राज्यकर्त्यांनी बहुतेक ठिकाणी हेच केलं. परक्यांनी गावाकडून माल ओढण्यासाठी बसवलेली यंत्रणा मोडण्याऐवजी स्वतःच्या हातात घेतली. शहरातल्या सैनिकाला, कारकुनाला स्वस्तात भाकर मिळाली पाहिजे, कारण ते रस्त्यावर उतरले तर सरकार पडतं. गावचा शेतकरी रस्त्यावर उतरला तर बातमीही होत नसे.

युद्ध नाही, बंड नाही, वाळवंटही नाही, अशा देशात भूक कशी टिकते हे पाहायचं तर मलावीकडे जावं लागतं. देशाच्या कडेने शेकडो किलोमीटर पसरलेलं गोड्या पाण्याचं सरोवर आहे. त्यातून शिरे नदी निघते. तरी शेती जवळजवळ सगळी पावसावर, आणि पाऊस वर्षातून एकदाच, नोव्हेंबर ते एप्रिल. बहुतेक कुटुंबांकडे एक हेक्टरहून कमी जमीन. त्यात मका. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, ज्याला ते न्सिमा म्हणतात, तो पोटात गेला नाही तर जेवण झालं असं कुणी मानत नाही.

एप्रिल-मेमध्ये सुगी होते. त्या वेळी सगळ्यांकडेच मका असतो, म्हणून भाव पडलेला असतो. पण शाळेची फी, मीठ, साबण, औषध, मागच्या वर्षीची उसनवारी हे सगळं त्याच वेळी दारात उभं असतं. म्हणून मका विकला जातो. डिसेंबर आला की कणगीचा तळ दिसू लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत तोच मका बाजारात दुप्पट-तिप्पट भावाने विकत घ्यायचा, आणि हातात पैसा नाही. अशा वेळी घरातली बाई ‘गान्यू’ करायला जाते, म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर रोजाने. काम असतं खुरपणीचं. मजुरी म्हणून पैसे नाही तर मापभर पीठ पदरात पडतं. संध्याकाळची चूल पेटते. पण जानेवारी हा तिच्या स्वतःच्या मक्याच्या खुरपणीचाही महिना आहे. तिथे तण माजतं. खत द्यायला उशीर होतो किंवा ते दिलंच जात नाही. जी कणसं धरतात, त्यातली काही हिरवीच खाल्ली जातात, कारण थांबण्याची ताकद नसते. एप्रिलला पीक निम्मं येतं, आणि पुढच्या वर्षी कणगी आणखी महिनाभर आधी रिकामी होते.

आळशी शेतकरी, अडाणी शेती असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे चक्र एकदा नीट पाहावं. ती बाई भरपूर राबते. फक्त ज्या दिवसांत तिच्या कष्टाला तिच्या शेतात सर्वांत जास्त मोल असतं, तेच दिवस तिला मापभर पिठासाठी दुसऱ्याला विकावे लागतात. हे चक्र तोडायला फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही. सुगीत पीक विकावं न लागण्यापुरतं कर्ज हवं, गावाजवळ कोठार हवं, आणि टंचाईच्या तीन महिन्यांत भाव आवाक्यात ठेवणारा सरकारी साठा हवा.

साठा मलावीकडे होता. २०००च्या सुमारास राखीव कोठारात सुमारे १ लाख ६५ हजार टन मका होता. तो सांभाळायचा खर्च परवडत नाही, कर्ज डोक्यावर आहे, म्हणून तो ३० ते ६० हजार टनांवर आणा, असा सल्ला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने दिला. सरकारने जवळजवळ सगळाच विकून टाकला. २००१ला पुराने पीक सुमारे एक तृतीयांशाने घटलं. कसावा आणि रताळी यांनी तूट भरून निघेल, असा कागदावरचा हिशेब सरकारही मानत राहिलं आणि मदत देणारेही. व्यापाऱ्यांनी साठवलेला मका वाढत्या भावाची वाट पाहत पडून राहिला. शेजारी देशांतून मागवलेला मका रस्ते-रेल्वेच्या अडचणींत अडकला. लोकांनी कणसांची बुरकुंडं आणि कोंडा दळून खाल्ला. आणीबाणी जाहीर झाली ती २७ फेब्रुवारी २००२ला. तोपर्यंत माणसं मरून गेली होती. शेकडो की हजारो, यावर अजून वाद आहे. गावात मेलेल्यांची मोजदादही न व्हावी, यातच त्यांची राजकीय किंमत कळते. कोठार रिकामं करण्याला जबाबदार कोण, यावर नाणेनिधीने सरकारकडे बोट दाखवलं आणि सरकारने नाणेनिधीकडे. सल्ला देणाऱ्याला मलावीच्या मतदाराची भीती नव्हती आणि निर्णय घेणाऱ्याला परकी सल्ल्याची ढाल मिळाली होती.

याच देशात पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. २००४च्या निवडणुकीत खत स्वस्त करण्याचं आश्वासन दिलं गेलं, आणि मदत देणाऱ्या अनेक संस्थांची नाराजी पत्करून बिंगू वा मुथारिका यांच्या सरकारने २००५पासून खत-बियाण्यांवर मोठं अनुदान दिलं. पाऊसही चांगला झाला. मका इतका पिकला की २००७मध्ये तो झिम्बाब्वेला निर्यात झाला. ही योजना निर्दोष नव्हती. खत डॉलर मोजून आणावं लागे, कंत्राटांत पैसे मुरले, पुढे चलन कोसळलं, आणि २०२४च्या दुष्काळात देश पुन्हा हात पसरून उभा होता. तरी ती योजना मला महत्त्वाची वाटते, कारण तो निर्णय देशाच्या राजधानीत, लिलोंग्वेत झाला आणि मतं मागायला गेल्यावर शेतकऱ्यांनी मागितलं म्हणून झाला. त्यात चुका झाल्या त्या आपल्या लोकांपुढच्या चुका होत्या.

आता मदत. मदतीने काहीच साधत नाही, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. वेळेवर आलेल्या धान्याने आणि कुपोषित मुलांसाठीच्या शेंगदाण्याच्या पौष्टिक लगद्याने लाखो जीव वाचले आहेत. पण मदत कुणाच्या सोयीने येते, ते पाहावं. अमेरिकेच्या १९५४च्या पीएल-४८० कायद्याचा पाया तिथल्या शेतकऱ्याचं शिलकी धान्य खपवणं हा होता. कित्येक दशकं ते धान्य अमेरिकेतच विकत घ्यायचं आणि त्याचा मोठा हिस्सा अमेरिकी झेंड्याच्या जहाजांतूनच न्यायचा, असा नियम राहिला. शेजारच्या जिल्ह्यात मका पडून असला तरी महासागर ओलांडून धान्य येणार, महिन्यांनी येणार, आणि कधी नेमकं सुगीच्या तोंडावर येऊन स्थानिक भाव पाडणार. उलट, जिच्यामुळे पुढची मदत लागलीच नसती त्या शेतीवरचा पैसा आटत गेला. जागतिक बँकेच्या हिशेबाने, विकासासाठीच्या एकूण सरकारी मदतीत शेतीचा वाटा १९७९मध्ये १८ टक्के होता, २००४मध्ये तो ३.५ टक्क्यांवर आला. मरणाऱ्या मुलाच्या छायाचित्रावर पैसा गोळा होतो. बियाण्याच्या संशोधनावर, पाटाच्या दुरुस्तीवर, गावाच्या कोठारावर होत नाही.

त्याहून खोल नुकसान वेगळं आहे. राज्यकर्त्याचा खजिना शेतकऱ्याच्या करातून भरत नसेल, तर त्याचे कान शेतकऱ्याकडे वळत नाहीत. अर्थमंत्र्याचं वर्ष वॉशिंग्टन-ब्रसेल्सच्या पाहुण्यांना अहवाल देण्यात जातं. गावाला वाटतं की अन्न देणं हे परक्या संस्थेचं काम आहे, आणि सरकारला तसं वाटणं सोयीचंच असतं.

इथिओपियात हे सगळं एकाच देशाच्या पन्नास वर्षांत दिसतं. १९७३मध्ये वोलो प्रांतात माणसं मरत होती, तेव्हा देशाचं एकूण धान्योत्पादन फारसं घटलेलं नव्हतं, हे अमर्त्य सेन यांनी १९८१च्या आपल्या पुस्तकात आकड्यांनिशी मांडलं. लोकांकडे विकत घ्यायला काही उरलं नव्हतं, आणि सम्राट हेले सेलासी यांचं सरकार ते झाकत होतं. पत्रकार जोनाथन डिंबल्बी यांच्या चित्रफितीने ते उघड झालं, आणि १९७४मध्ये सम्राट गेले. त्यांच्या जागी आलेल्या लष्करी राजवटीने १९८४मध्ये क्रांतीची दहा वर्षं थाटात साजरी केली. त्याच महिन्यांत उत्तरेत, बंडखोर प्रांतांत, लाखो लोक उपासमारीत होते आणि सरकारची विमानं तिथले बाजार उद्ध्वस्त करत होती. मदत गोळा करण्यासाठी भरलेल्या लाइव्ह एड मैफलीची गाणी जगाने ऐकली. जमा झालेल्या मदतीचा काही भाग लोकांना उत्तरेतून जबरदस्तीने हलवण्याच्या मोहिमेलाही उपयोगी पडला. २०१५-१६ला अनेक दशकांतला मोठा दुष्काळ पडला, एक कोटीहून अधिक लोकांना मदत लागली. पण या वेळी सरकारने स्वतःचाही पैसा ओतला, २००५पासूनची कामाच्या बदल्यात धान्य-पैशाची योजना हाताशी होती, आणि १९८४ची पुनरावृत्ती झाली नाही. पाचच वर्षांनी उत्तरेतल्या टिग्रेत युद्ध सुरू झालं, प्रांताची नाकेबंदी झाली, उभी पिकं जाळली गेली, आणि भूक परत आली. माती, पाऊस, शेतकरी सगळं तेच होतं. बदलला तो राज्यकर्त्याच्या लेखी तिथल्या माणसाचा भाव.

मराठी वाचकाला इथे स्वतःचा १९७२ आठवावा. त्या वर्षी महाराष्ट्रात धान्य नेहमीच्या निम्म्याच्या आसपास पिकलं. सहाराच्या दक्षिण कडेच्या साहेल पट्ट्यातही त्याच सुमारास दुष्काळ होता, तिथे मोठ्या संख्येने माणसं मेली. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी दोन्हींची तुलना करून दाखवलं आहे की माणशी उपलब्ध धान्य महाराष्ट्रात साहेलपेक्षाही कमी होतं. तरी इथे तसं मृत्युसत्र झालं नाही. अमेरिकेतली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी ज्यांनी खाल्ली ती पिढी अजून आहे. पण जीव वाचले ते प्रामुख्याने कामामुळे. १९७३च्या मे महिन्यात जवळपास ५० लाख माणसं खडी फोडत होती, पाझर तलाव आणि नाला-बांध घालत होती. काम मिळालं नाही तर तहसीलवर मोर्चा जाई, मजुरी थकली तर घेराव पडे, डाव्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी गावोगाव मजूर संघटित केले होते, विधानसभेत विरोधक उठत होते, वर्तमानपत्रं छापत होती. वि. स. पागे यांनी तासगावच्या बाजूला आधी करून पाहिलेल्या कल्पनेचा पुढे १९७७चा रोजगार हमी कायदा झाला. त्यासाठी शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. आजही पगाराच्या पावतीवर दरमहा ती कपात दिसते. काम मागणारा आणि त्याचे पैसे देणारा एकाच राज्याचे नागरिक होते, एकाच विधानसभेला जाब विचारणारे. इथिओपियाच्या योजनेत कल्पना तीच आहे, पण पैसा मुख्यतः परदेशी. म्हणून दाता थकला की योजना थकते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. लोकशाही असेल तिथे दुष्काळात माणसं मरू दिली जात नाहीत, असं सेन म्हणतात. मलावीत २००२मध्ये निवडून आलेलंच सरकार होतं, मग त्या लोकशाहीने लोकांना का वाचवलं नाही? मतपेटी ठेवली म्हणजे जाब आपोआप येत नाही. त्यासाठी गावापर्यंत पोचणारा बातमीदार लागतो, मजुरांची संघटना लागते, मागणीला कायद्याचा आधार लागतो, आणि दुष्काळाची बातमी खोडून काढण्याआधी मंत्र्याला दोनदा विचार करायला लावणारा विरोधी पक्ष लागतो. आपणही मिशा पिळाव्यात असं काही नाही. जिथे मोर्चा काढणारं कुणी नव्हतं, त्या मेळघाटात कोरकू मुलं कुपोषणाने मरत राहिली, महाराष्ट्रातच.

आणि जाब मागणारे आफ्रिकेत नाहीत, असं समजणं ही त्यांच्यावरची आणखी एक अवहेलना ठरेल. २०१८च्या डिसेंबरात सुदानमधल्या अतबारा या रेल्वेच्या गावात पावाचा भाव तिपटीने वाढला आणि लोक रस्त्यावर आले. मोहल्ल्या-मोहल्ल्यात प्रतिकार समित्या उभ्या राहिल्या. चार महिन्यांत ओमर अल-बशीर यांची तीस वर्षांची सत्ता गेली. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये सेनापतींनी ती लाट उलटवली आणि एप्रिल २०२३मध्ये त्यांच्यातच युद्ध जुंपलं. एकीकडे लष्कर, दुसरीकडे जलद मदत दल नावाची सशस्त्र टोळी. त्या वर्षीच्या डिसेंबरात टोळीने गेझिराचं मुख्य शहर वद मदनी घेतलं आणि जागतिक अन्न कार्यक्रमाचं गोदाम लुटलं. लष्कराने चाडच्या हद्दीवरचं अद्रे नाकं महिनोन् महिने मदतीसाठी बंद ठेवलं. ऑगस्ट २०२४मध्ये अल-फाशर शहराजवळच्या, विस्थापितांच्या झमझम छावणीत अधिकृतपणे दुष्काळ जाहीर झाला. टोळीच्या वेढ्यातल्या अल-फाशरमध्ये माणसं ‘अंबाझ’ खाऊन राहिली, म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढल्यावर उरणारी, गुरांना घालायची पेंड. ज्या सुदानच्या पूर्व भागात माणसाने सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी ज्वारी लागवडीखाली आणल्याचे पुरावे सापडले आहेत, त्याच देशातली ही गोष्ट आहे.

या युद्धात जी माणसं खरोखर जेवू घालत राहिली, ती बहुतांश त्याच प्रतिकार समित्यांतून आलेली तरुण मुलं-मुली आहेत. त्यांनी ‘आपत्कालीन कक्ष’ काढले, मशिदीच्या आणि शाळेच्या अंगणात मोठी पातेली चढवली. दोन्ही सेनांनी त्यांना पकडलं, मारलं, कारण ज्या मोहल्ल्याला कोण जेवू घालतं ते ठाऊक असतं, तो मोहल्ला उद्या राज्य कुणाचं असावं हेही सांगू शकतो. २०२५च्या आरंभी अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि यातली शेकडो स्वयंपाकघरं काही आठवड्यांत बंद पडली. इतक्या थोड्या पैशावर ती चालत होती, आणि तो पैसाही मधल्या पाच हातांतून येत होता. मदत द्यायचीच असेल, तर ती आधी यांच्या हातात थेट, आगाऊ आणि वर्षभराची द्यावी. हिशेब त्यांच्या मोहल्ल्याने मागावा. आणि युद्ध थांबवण्याच्या वाटाघाटी जिथे होतील तिथे, दोन्ही सेनापतींना बसवलेल्या मेजावर, याच समित्यांची खुर्ची मांडली पाहिजे, शस्त्रं पुरवणाऱ्या देशांच्या खुर्च्यांच्या आधी.